सुयांच्या स्फटिकांना ब्रश लावू नका
नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या बेसॉल्टच्या (काळ्या दगडाच्या) खाणींतले स्फटिक जमवत असाल, तर सगळे एका डब्यात कोंबू नका. मोह्‌स या १ ते १० च्या मापावर क्वार्ट्झची कठीणता ७, स्टिलबाइटची जेमतेम ४. एकत्र खडखडले की स्टिलबाइटवर ओरखडे ठरलेले. अपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात, शिवाय त्याच्या रचनेतच पाणी असतं, म्हणून त्याला तापणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका. धूळ कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने उडवा. मेसोलाइट, स्कोलेसाइटच्या सुया ब्रशच्या एका फटक्यात मोडतात. साफ करायला व्हिनेगर, लिंबू तर नाहीच. अमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, उन्हात फिका पडतो, तो कपाटात. आणि प्रत्येक नमुन्याखाली गाव, खाण, तारखेची चिठ्ठी हवीच. माझ्याकडे चिठ्ठीविना अकरा अनाथ पडलेत.