अमेरिकेत 'अर्ली' अर्ज भरताय? सही करण्याआधी हे करा

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी जायचं ठरवलेल्या मुलांनी 'अर्ली' अर्ज, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या आधी भरायचा अर्ज, जरूर भरावा. पण कुठला, हे आधी नीट समजून घ्यावं.

अर्ली ॲक्शन सगळ्यात सोपा. अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास, निकाल लवकर आणि होकार कळवायला १ मेपर्यंत वेळ. पर्ड्यू, जॉर्जिया टेक इथे हीच पद्धत आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डची अट थोडी कडक आहे. निवड झाली तरी जायलाच हवं असं नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज सहसा चालत नाही. सरकारी विद्यापीठांना बहुधा सूट असते; प्रत्येकाचा नियम वाचा.

खरी काळजी घ्यायची ती अर्ली डिसिजनची. ब्राऊन, कॉर्नेल, ड्यूक इथे हा मार्ग आहे. असा अर्ज एकाच ठिकाणी करायचा. करारावर मुलाची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची, अशा तीन सह्या लागतात. निवड झाली की तिथेच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, असा हा करार. दिलेली आर्थिक मदत पुरेशी नसेल, तरच यातून बाहेर पडता येतं.

म्हणून सहीआधी एका संध्याकाळी आईबाबा आणि मुलांनी कागद घेऊन बसा. फी, राहणं-जेवण, आरोग्य विमा, विमानप्रवास, आणि हे सगळं गुणिले चार वर्षं. आकडा झेपत नसेल तर अर्ली डिसिजन भरू नका, हे मी कळकळीनं सांगते. मदत हवी असेल तर अर्जातच मागा. परदेशी विद्यार्थ्यांनी आधी मागितली नाही, तर अनेक कॉलेजं नंतर देत नाहीत. मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो का, तेही त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर बघा.

शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना ऑगस्टमध्येच भेटा. १ नोव्हेंबर दिवाळीच्या आसपास येतो, शाळा बंद असते आणि सर गावी गेलेले असतात. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत समुपदेशक नसतो. मग ती सही कोण करणार, हे मुख्याध्यापकांना तेव्हाच विचारून ठेवा. 'कॉमन ॲप'वर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच जागी अर्ज करायच्या संकेतस्थळावर, मुदत तुमच्या इथल्या रात्री ११:५९ ला संपते, अमेरिकेतल्या नव्हे.

डिसेंबरच्या मध्यावर 'डिफर्ड' असं उत्तर आलं, तर अर्ज नेहमीच्या फेरीत गेला आणि बंधन सुटलं. मग शाळेकडून सहामाहीचे गुण पाठवायला सांगा आणि जानेवारीच्या मुदतीचे बाकीचे अर्ज पूर्ण करा.