शेतजमीन घेताना वाट आधी तपासा

शेतजमिनीचा व्यवहार ठरवताना सातबारा स्वच्छ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. गावनकाशा आणि गटाचा मोजणी नकाशा समोर ठेवून, प्रत्यक्ष वापरातली वाट नकाशावर आहे का, की ती केवळ शेजाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे पेरणीच्या दिवसांत जागेवर जाऊन पाहावे, कारण उन्हाळ्यात मोकळ्या रानातून सहज जाणारी गाडी पीक उभे राहिल्यावर अडते. शेजारच्या गटातून वाट असेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात तिची नोंद आहे का ते पाहावे, आणि नसल्यास त्या खातेदाराकडून नोंदणीकृत करार खरेदीपूर्वीच करून घ्यावा. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर कृपा करून विसंबू नका.

वाट मुळातच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. वापरातली वाट कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दाद मिळते. मात्र तो दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, त्यामुळे गावकीतल्या समजुतीची वाट पाहताना ही मुदत हातची जाऊ देऊ नये.