ऊसतोडीच्या कोपीवरच्या मुलांचा फोनवरून अभ्यास : नव्याने हे काम घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींसाठी

मार्च २०२० मध्ये होस्टेलं रिकामी झाली आणि आम्ही सगळे बीड जिल्ह्यातल्या आपापल्या गावी परतलो. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गावातली शाळाही बंदच होती. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून मोबाइलवर अभ्यासमाला येऊ लागली, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. ज्या घरात टीव्ही होता, तिथल्या मुलांना तिचा फायदा झाला. पण दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. एरवी शाळेसाठी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी मुलंही त्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर-सांगलीकडे गेली. शाळाच बंद, तर पोर मागे ठेवायचं कशासाठी? एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) आमच्या सरांनी विचारलं, या मुलांशी फोनवरून कोण बोलेल? आम्ही काही जणांनी मुलं वाटून घेतली.

कोरोना सरला, पण टोळ्या दरवर्षी जातात, पुरापावसानेही शाळा बंद पडतात. म्हणून हे काम नव्याने घेणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते : व्हिडिओ आणि पीडीएफ पाठवत बसू नका. साधा फोन लावा, आणि त्या फोनवर तुमच्यापेक्षा मुलाचा आवाज जास्त ऐकू आला पाहिजे.

फोन बहुतेक वेळा वडिलांचा असतो. कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, वीज नसते, चार्जिंग शेतकऱ्याच्या घरी किंवा ट्रॅक्टरवाल्याकडे होतं. आई-वडील पहाटे अंधारात फडावर जातात, आणि गाडी भरायची वेळ त्यांच्या हातात नसते. त्यामुळे तुमच्या सोयीचं वेळापत्रक तिथे चालत नाही. आम्ही ठरवलं होतं की फोन मोकळा झाला की त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, मग आम्ही लावायचा. रिचार्जचा भार त्यांच्यावर कधीच टाकू नये.

आधी आईशी बोला. “मावशी, जेवणं झाली का? आज किती खेपा झाल्या?” एवढं विचारलं की ती मोकळी होते. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, मोठं कुणीतरी जवळ असू द्या. मुलीला शक्यतो ताईनेच फोन करावा. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो मागू नयेत, हा नियम आम्ही कडक पाळला.

मग मुलाला वाचायला सांगा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर मिळतात, तेच पुस्तक त्याच्या पेटीत असेल तर फक्त पान नंबर सांगायचा. माझ्याकडे पाचवीत गेलेला एक मुलगा होता. जोडाक्षर आलं की तो थांबायचा आणि खोकल्याचं निमित्त करायचा. पाचवीचा धडा त्याला देऊन उपयोग नव्हता. आम्ही दुसरीच्या पुस्तकावर आलो, आणि ते तिसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. इयत्ता हजेरीपटावर असते, शिकवायचं मात्र मूल जिथे थांबलंय तिथून. ज्याच्याकडे पुस्तकच नाही त्याला खताच्या गोणीवरचं, ट्रॉलीवर रंगवलेलं, मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्याच्या) वहीतलं वाचू द्या. कारखान्याच्या वजनाच्या पावतीवर दशांश अपूर्णांक असतात, त्याहून चांगलं उदाहरण मला गणिताच्या पुस्तकात सापडलं नाही. आपल्या आई-बापाने तोडलेल्या उसाचं वजन वाचताना मुलांच्या आवाजात वेगळीच ऐट यायची!

हातच्याची वजाबाकी फोनवरून कशी शिकवायची, हे मला नेहमी विचारतात. पाचटातल्या किंवा कुठल्याही काटक्या गोळा करायला सांगा. दहा-दहाच्या मोळ्या बांधायच्या. मोळी बांधणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. आता ४२ मधून १७ काढायचे : चार मोळ्या, दोन सुट्या. सात सुट्या द्यायच्यात, पण आहेत दोनच. काय करशील? एवढं विचारा आणि गप्प बसा. ही शांतता फोनवर फार लांब वाटते, तरी मध्ये बोलू नका. “ताई, एक मोळी सोडतो” हे त्याच्याच तोंडून यायला हवं. मग हातचा पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

एका वेळी चार-पाचच मुलं घ्या. वहीत प्रत्येकाची एक ओळ पुरते : आज काय वाचलं, कुठे अडला. गावच्या वर्गशिक्षकांना आठवड्यातून एकदा ती वही वाचून दाखवा. मूल कुठे गेलंय हे कळलं की शिक्षक त्याला शिक्षण हमी कार्ड देऊ शकतात, आणि शाळा चालू असतील तेव्हा कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसता येतं. आपण शिक्षकांची जागा घ्यायला गेलेलो नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, म्हणजे मदत मिळते. एनएसएसच्या वर्षाच्या १२० तासांत हे धरायचं असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आधीच मान्यता घ्या.

पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळ्या गावी आल्या तेव्हा दुसरी लाट सुरू झाली होती. १ जुलै २०२१ पासून राज्यात मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला, तेव्हा आमच्या वह्या शिक्षकांना उपयोगी पडल्या, कारण कोण कुठे अडलंय हे त्यात लिहिलेलं होतं.

तुमची सेमिस्टर परीक्षा येणारच. अचानक फोन बंद करू नका. आठवडाभर आधी मुलाला तारीख सांगा, पुढे बोलणाऱ्या ताईला किंवा दादाला दोन-तीन वेळा त्याच कॉलवर जोडून घ्या आणि वही त्यांच्या हातात द्या.