चंद्रावरची धूळ का चिकटते, ते टेबलावर बघा

चंद्राच्या काळ्या डागांत बेसाल्ट आहे आणि आपला काळा पाषाणही बेसाल्टच. म्हणून वर्गासाठी मी खडी क्रशरवरची भुकटी आणते. मास्क लावूनच हात घाला. फुप्फुसांना ती वाईट.

भुकटी तलम कापडातून चाळा, ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास वाळवा. इथे कंटाळा नको. धूळ चिकटवून ठेवणारा स्थिर विद्युतभार दमट हवेत निसटून जातो, त्यामुळे जुलैत मी या प्रयोगाच्या वाटेला जातच नाही. जानेवारीची दुपार उत्तम.

ताटात टेफ्लॉनची शीट आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल शेजारी चिकटवा. फॉइलला तार जोडून तिचं दुसरं टोक नळाच्या लोखंडी पाइपला बांधा, म्हणजे भार जमिनीत उतरेल. (प्लास्टिकचा पाइप चालणार नाही.) दोन्हींवर भुकटी घरंगळू द्या, मग टिचकी मारा. फॉइल बरीच साफ होते, टेफ्लॉनवर थर राहतो. तीच तार टेफ्लॉनला लावा: फरक पडत नाही, कारण विद्युतरोधकात भार जिथल्या तिथे अडकतो. म्हणून तर यानांच्या कॅप्टॉन या प्लास्टिकच्या आवरणावर इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक लेप देतात.

‘नासा’ची धूळ झटकणारी विद्युत ढाल मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावरून चंद्रावर चालवून पाहिली गेली. तिला उच्च दाबाची वीज लागते, तेव्हा घरी तो उद्योग नको.