वेक्सफर्डला माती खरवडायला जायचं तर

पुरातत्त्व शिकणाऱ्या बऱ्याच पोरांना वाटतं की परदेशातल्या डिगवर, म्हणजे उत्खननावर, आपल्याला बोलावतात, राहायला देतात, वर खिशात पैसेही घालतात. तसं काही नसतं. फील्ड स्कूल म्हणजे शाळाच, फी आपण भरायची आणि घमेलीही आपणच उचलायची. हे घरी आधीच सांगून टाका, नाहीतर "पैसे देऊन खड्डे खणायला चाललीस?" हे प्रत्येक काका-मावशीकडून ऐकावं लागतं. मी अजून ऐकते.

मी गेले होते आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डजवळ फेरीकॅरिगला. ११६९ मध्ये नॉर्मन लोक आयर्लंडात उतरले तेव्हा रॉबर्ट फिट्झस्टीफनने स्लेनी नदीवरच्या खडकावर चर खणून, मातीचा बांध घालून एक गढी उभी केली, ती ही जागा. दोनच वर्षांत, ११७१ ला, तिला वेढा पडला आणि फिट्झस्टीफन पकडला गेला. आता ती आयरिश नॅशनल हेरिटेज पार्कच्या आत आहे आणि आयरिश आर्किऑलॉजी फील्ड स्कूल तिथे विद्यार्थ्यांना घेऊन खणते. तिथे एक उंच गोल दगडी मनोरा आहे, पहिल्या दिवशी सगळे त्याचेच फोटो काढतात, मीही काढले, आणि तो निघाला क्रिमियन युद्धात मेलेल्यांचं स्मारक, १८५० च्या दशकातलं! खरं मध्ययुग गवताखाली.

डिग शोधायला आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची फील्डवर्कची यादी चांगली आहे, जगभरच्या साइट्स असतात. पण त्यांची वॉल्डबॉम स्कॉलरशिप बघून लगेच खूश होऊ नका, ती अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजच्या मुलांसाठी आहे. साइट निवडताना किल्ला किती भारी आहे ते बघू नका, शिकवणार काय ते मेल करून विचारा. ड्रॉइंग, लेव्हल घेणं (उंची-खोली मोजणं), कॉन्टेक्स्ट शीट (मातीच्या प्रत्येक थराची किंवा खड्ड्याची नोंद) भरणं स्वतःच्या हाताने करायला मिळणार का, का नुसतं फावडं? आणि दोन आठवड्यांपेक्षा कमी जाऊ नका, पहिला आठवडा तर आपण नुसते लोकांच्या पायात येतो.

आता व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, हे परत एकदा वाचा. शेंगेन व्हिसा काढून बसलेला एक मुलगा मला माहीत आहे. आयर्लंडचा वेगळा काढायचा, ऑनलाइन फॉर्म भरून त्याची समरी प्रिंट करून सही करून कागदांसोबत द्यायची, आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो तर पहिल्याच आठवड्यात करा. फील्ड स्कूलचं पत्र, फी भरल्याची पावती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आईबाबा खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, कॉलेजचं बोनाफाईड, आणि परत येणार असं पटेल असं काहीतरी. माझं स्टेटमेंट बँकेने शिक्क्याशिवाय दिलं आणि मी ते न बघता घेऊन आले, त्यात दहा दिवस गेले. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर यूकेचे ट्रान्झिटचे नियम आधी वाचा, मी गुपचूप दुबईमार्गे गेले. डब्लिनहून वेक्सफर्डला ट्रेन आहे, बसही.

सामान: रेनकोट आणि वॉटरप्रूफ पँट दोन्ही (छत्री धरून खणता येत नाही), पायात पक्के बूट, गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. ट्रॉवेल (माती खरवडायची छोटी थापी) चार इंची, एकाच लोखंडाच्या तुकड्याची, आपल्याकडची गवंड्याची थापी नेऊ नका, ती मोठी आणि वाकते. आणि विमानात ट्रॉवेल चेक-इन बॅगेत! राहायची सोय होमस्टेमध्ये असते, शाकाहारी असाल तर आधीच कळवा, आणि बटाट्याशी मैत्री करा. जूनमध्ये रात्री दहाला उजेड असतो, झोपेची पार वाट लागते.

साइटवर दागिने वगैरे सापडतील हे विसरा. दिवसभर माती खरवडायची आणि रंग बघायचा. लाकडी खांब कुजून गेला तरी त्याचा खड्डा काळपट गोल डाग म्हणून राहतो, तो दिसला की आधी अर्धाच खणायचा म्हणजे कापलेल्या बाजूत भराव कसा झाला ते दिसतं. मला चार दिवस काहीच दिसलं नाही, सगळं तपकिरी! मग पाऊस पडून गेला आणि सुपरवायझर म्हणाली आत्ता बघ. ओल्या मातीत रंग उठून येतात, कोरडं असेल तर तिथे चक्क पाण्याची फवारणी करतात. खापरं मिळतात, लेन्स्टर कुकिंग वेअर म्हणजे तिथली रोजची काळपट हंडी, क्वचित इंग्लंडातल्या ब्रिस्टलकडची हॅम ग्रीनची भांडी, म्हणजे समुद्रापलीकडून व्यापार चालू होता. एक तुकडा "आठवण म्हणून" खिशात टाकायचा मोह झाला तर टाळा, सापडलेलं सगळं सरकारचं असतं आणि खणायला तिथे लायसन्स लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी बूट घासून धुवा, तळव्यातली माती काडीने काढा. मी ते रात्री अकराला केलं आणि ओले बूट बॅगेत घालून आणले, सगळ्या कपड्यांना वास.