बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची कामाची तयारी: या चुका टाळा

'अठरा पूर्ण होऊ दे, मग कामाचं बघू', इथेच पहिलं चुकतं. चौदा-पंधराव्या वर्षी तयारीला लागा, आणि सुरुवात वेळेवर आवरणं, एकट्याने संडासला जाणं, 'समजलं नाही' असं सांगणं यापासून करा. हात हळू चालला तर मालक सांभाळून घेतो. न सांगता उठून घरी जाणारा मुलगा त्याला परवडत नाही.

काम शाळेच्या सोयीने निवडू नका. पणत्या दिवाळीपुरत्या खपतात. आपल्या गावात जे चालतं ते बघा: लातुरात डाळ, जालन्यात बियाणं, वसमतला हळद. बाकी गावांत किराणा, हॉटेल, रोपवाटिका.

'वर्गात जमतं, दुकानात अडतो' ही तक्रार सर्रास येते. डाळीची अर्धा किलोची पिशवी घ्या. शाळेत ५०० देवनागरीत गिरवलेलं असतं. काट्यावर इंग्रजी अंक, तेही किलोत, म्हणजे 0.500. तो आकडा त्याने कधी पाहिलेलाच नसतो! काट्यावर दिसतो तसाच आकडा कार्डावर लिहून शेजारी चिकटवा. वाचायला नको, जुळवायला शिकवा. पिशवी उघडणं, काट्यावर ठेवून शून्य करणं, डाळ टाकणं, आकडा जुळवणं, उतरवणं, सील करणं, खोक्यात रचणं अशा सात पायऱ्या होतात. शिकवताना शेवटून या: सहा तुम्ही करा, रचणं त्याला द्या, ते बसलं की सील. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून वैताग येत नाही. सीलची पट्टी तापते, तेव्हा त्या पायरीला शेजारी थांबा.

सगळ्यांत चिवट खोड आपल्या तोंडाची. 'हं, पुढं', 'अरे, काटा बघ' असं चालू राहिलं की मुलगा काट्याऐवजी बाईंच्या तोंडाकडे बघायला शिकतो, आणि दुकानात बाई नसतात. आधी हात धरून, मग खुणेने, मग नुसतं चित्र दाखवून, अशी मदत काढत न्या. मनात पाच मोजल्याशिवाय बोलू नका. सलग तीन दिवस मदतीशिवाय जमलं तरच पायरी झाली, आणि तीही प्रत्यक्ष दुकानात.

सरकारी नोकरीच्या आशेवर घरी बसवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या ४ टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमतेला स्वतंत्र वाटा नाही. १ टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत मिळून आहे. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मुदत मात्र तपासा, आणि पगारासाठी मुलाच्या नावाचं बँक खातं कामाआधीच उघडून ठेवा.