ऑनलाइन सामूहिक प्रार्थना: एकाने म्हणावी, बाकीच्यांनी म्यूटवर

आम्ही पहिल्यांदा ऑनलाइन प्रार्थनेला बसलो तेव्हा बाराही जण एकदम म्हणायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला नुसता गलका झाला. कोणी पुढे, कोणी मागे, कोणाचा आवाजच गायब. चूक कोणाचीच नव्हती. इंटरनेटवरून आवाज पोचायला थोडा वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यातून ही ॲप्स बहुधा एकाच आवाजाला पुढे करतात आणि बाकीचे दाबतात.

तेव्हा म्हणणारा एकच ठेवा. बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या जागी मोठ्याने म्हणायचं. नुसतं ऐकत बसलात तर पाच मिनिटांत लक्ष मोबाइलवर जातं. प्रतिसादाच्या ओळी असतील तर त्यासाठी दुसरा एक माणूस आधीच नेमा. गाणं किंवा घंटा असेल तर झूममध्ये त्या माणसाने ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं. नाहीतर घंटेचा लांबत जाणारा नाद गोंगाट समजून ॲप तो कापून टाकतं.

लोक वेगवेगळ्या देशांतून जोडले जाणार असतील तर वेळ कळवताना ती कुठल्या देशाची ते लिहा. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद होते, म्हणून प्रार्थना अर्ध्या तासात बसवा. मजकूर आदल्या दिवशी पाठवा, शिवाय स्क्रीनवरही दाखवा, मोठ्या अक्षरात.

म्हणणाऱ्यावर तांत्रिक काम टाकू नका. लोकांना आत घेणं, कोणाचा माइक उघडा राहिला तर बंद करणं, हे दुसऱ्याकडे द्या. डोळे मिटून प्रार्थना म्हणायची आणि वेटिंग रूमवरही नजर ठेवायची, हे एका माणसाला जमत नाही.

मौन ठेवणार असाल तर किती ते आधी सांगा: ‘आता दोन मिनिटं शांत बसू.’ न सांगता शांत झालात तर अर्ध्या मिनिटात कोणीतरी ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ विचारतंच.

आजारपण, घरातली भांडणं अशा गोष्टींसाठी लोक प्रार्थना करायला सांगतात. तेव्हा रेकॉर्डिंग बंद ठेवा. कोणाचं नाव घ्यायचं असेल तर त्या माणसाला आधी विचारा, आणि बैठकीची लिंक उघड्यावर टाकू नका.

प्रार्थना संपली की लगेच बैठक बंद करू नका. माइक उघडा आणि पाचेक मिनिटं गप्पा होऊ द्या. एकट्याने राहणारे काही जण त्यासाठीच थांबलेले असतात.